उत्तरापुरती जागा

आमच्या केटा गावात सकाळी खाडी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. होड्या हवेत चालल्यासारख्या दिसतात. अशाच एका सकाळी माझी भाची एन्योनाम म्हणाली, "मामा, खाडी आटून मीठ धरेपर्यंत वाट बघते. तोवर एकही अशील आला नाही, तर राजधानीत, अक्रात नोकरी धरते."

तिची आई, माझी बहीण, गेल्यापासून घरात बोलणारं माणूस ती एकच.

तिची कचेरी कांद्याच्या वाफ्यांपलीकडे. एक खोली, तीन खुर्च्या, खुंटीला काळा झगा. समुद्राने आमच्या गल्ल्याच्या गल्ल्या गिळल्या, त्यामुळे जमिनीचे तंटे घरोघरी. पण तंटा घेऊन लोक मोठ्या शहराची गाडी पकडत. इथे वकील आहे हे ठाऊक होतं कुणाला?

म्हणून अक्राहून सेलोर्म नावाचा पोरगा आला, वेबसाइट करायला.

"'किनाऱ्यावरची सर्वोत्तम वकील' असं लिहू?"

"लिही, आणि जाताना माझी सनदही घेऊन जा," एन्योनाम म्हणाली. "वकिलाने स्वतःचा ढोल बडवायचा नसतो."

"मग लिहू काय?"

"मी कुठली कामं करते ते. जमीन, वारसा, नवऱ्यामागे घराबाहेर काढलेली बाई. आणि माझं दार कुठे आहे ते. आणि पान साध्या फोनवर उघडलं पाहिजे."

"ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?"

"त्यांच्याशी मामा बोलतील."

"माझा आवाज म्हणजे फाटकं जाळं गं!" मी म्हणालो.

"मासळीला कुठे कळतंय?"

मग मी फोनपुढे बसून आमच्या एवे भाषेत बोललो, परक्याच्या अंगणात गेल्यावर बोलतात तसं. घरचे कसे आहेत? मुलं कशी आहेत? रात्र बरी गेली ना? मग भाचीचं नाव, काम आणि वाट. सेलोर्मने ते भरून घेऊन वेबसाइटवर घातलं.

त्यानंतर दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं. माझा आवाज अनवाणी पाण्यावरून चाललाय, पार सीमेपलीकडच्या लोमेपर्यंत. अनोळखी अंगणांत उभा राहतोय. पण त्याला बसायला कुणी स्टूल देत नाही.

खाडी आटत चालली. काठाला मिठाची साय दिसू लागली. कचेरीत वारा तेवढा येऊन जाई.

बाजारात सुकी मासळी विकणारी अक्पेने नावाची बाई मला बघून ओरडलीच, "काय हो, मागे कुत्रं लागलं होतं का? 'घरचे कसे' विचारलंत, आणि मी 'बरे' म्हणायच्या आत मुलांवर गेलात! असं कुणी दारात येतं? मी फोन टोपलीत टाकला."

घरी येऊन मी हे सांगितलं. काम बघायला पुन्हा आलेला सेलोर्म कान खाजवू लागला. "बाबा, मध्ये मध्ये आवाजच नव्हता. रिकामं वाटलं, म्हणून कापलं. रिकाम्या जागी माणूस पान बंद करतो."

एन्योनामने ते ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटली. "अरे शहाण्या, तिथे ऐकणाऱ्याचं बोलणं होतं!"

त्याने कापलेली शांतता परत जोडली. माझं स्वप्नही बदललं. आवाज आता अंगणात बसू लागला. कुणीतरी त्याला पाणी दिलं.

एका सकाळी पलीकडच्या काठावरून एक बाई आली. पायांना ओला चिखल, चपला हातात.

"बसा," एन्योनाम म्हणाली. "काय प्रकरण आहे?"

बाईंनी माझा आवाज फोनवर ऐकला होता. मी "या, या" म्हणताच तो ओळखला. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यांना सगळं सांगितलंय. यांनी 'घरचे कसे' विचारलं, आणि मी म्हटलं, घर कुठलं राहिलंय? नवरा गेला, दिरांनी कुलूप घातलं. सगळं ऐकून घेतलं यांनी. मध्ये एकदाही तोडलं नाही. एवढं तर माझ्या भावांनीही ऐकलं नव्हतं."

एन्योनाम माझ्याकडे बघत राहिली.

"ताई," मी म्हणालो, "म्हातारा माणूस, थोडं ऐकायचं राहिलं. हिच्यासमोर पुन्हा सांगा."

"सांगते की. पण हे कोर्टाचं काम लांबतं म्हणतात." त्या एन्योनामकडे वळल्या. "पोरी, शेवटपर्यंत तू इथे असशील ना? अर्ध्यात सोडून गेलीस, तर दीर मला अंगणातही उभं करणार नाहीत."

खिडकीबाहेर खाडी पांढरी पडत होती. मीठ भरायला टोपल्या घेतलेल्या बायका त्या पांढऱ्यात उतरल्या होत्या, ढगात उतरल्यासारख्या. एन्योनामने तिकडे पाहिलं.

"इथेच असेन," ती म्हणाली. मग कागद पुढे ओढून तिने विचारलं, "थोरल्या दिराचं नाव काय?"