लिंक असलेला कोणीही

पाणीपुरवठा खात्याच्या नाटक मंडळात तिला सगळे कुजबुज म्हणत. बावीस वर्षं ती विंगेत स्टुलावर बसून लोकांना त्यांची विसरलेली वाक्यं पुरवत होती. त्या खात्यात वेळेवर होणारा हा एकच पुरवठा. नाटक पडलं की म्हणे प्रॉम्प्टिंग ऐकू आलं नाही, आणि गाजलं की फोटोत तिच्या स्टुलाचा पायसुद्धा नसे.

यंदा तिने स्वतःच नाटक लिहिलं. एकेचाळीस पानं. वीस वर्षांनी नवरा दारात येऊन उभा राहतो, त्याला घरात घ्यायचं की नाही, एवढीच गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत संहिता स्पर्धेला पाठवायची होती आणि पहिल्या पानावर 'लेखिका' या शब्दापुढे तिचं नाव असणार होतं. त्या एका ओळीवर तिचा जीव टांगलेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते पान तिने चार वेगवेगळ्या टायपात छापून पाहिलं होतं.

"वहिनी, प्रती काढत बसू नकोस," नणंद म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसायची, त्यामुळे घरातली कॉम्प्युटरतज्ज्ञ तीच. "फाइल क्लाउडवर चढव, सगळ्यांना लिंक पाठव. पण 'फक्त पाहणे' ठेव हं. आम्ही एकदा पेशंटची यादी उघडी ठेवली, तर कुणीतरी सगळ्यांच्या सगळ्या दाढा काढायच्या म्हणून लिहून ठेवलं."

कुजबुज हो हो म्हणाली आणि व्हायचं तेच झालं. स्क्रीनवर दोन प्रश्न आले. फाइल कुणाला द्यायची: निवडलेल्या माणसांना, की लिंक असलेल्या कोणालाही? आणि त्यांनी काय करायचं: पाहायचं, शेरा द्यायचा, की बदल करायचा? अकरा जणांचे ईमेल टाइप करायचा तिला कंटाळा आला. शिवाय आपल्याच माणसांना 'फक्त पाहा' म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटलं. तिने मोठ्या मनाने 'कोणीही' आणि 'बदल करणे' निवडलं आणि लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. कोट किती लागतील ते कळावं म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनाही वेगळी पाठवली.

आता मंडळाची एक जुनी रीत होती. संहिता हातात आली की जो तो पेन्सिलीने आपल्या वाक्यांचं हवं ते करी. कागद आपापला, पाप आपापलं. या वेळी कागद एकच आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी मीटरदुरुस्तीच्या खोलीत वाचन ठेवलं होतं. छापून आलेला गठ्ठा तिने हातात घेतला आणि तिला घामच फुटला. त्रेसष्ट पानं! नवव्या पानावर पत्र देऊन कायमचा जाणारा पोस्टमन तिसाव्या पानावर स्मृती परत येऊन हजर झाला होता. शेजाऱ्याला दोन स्वगतं फुटली होती. पळपुटा नवरा मुळी पळालाच नव्हता, विहिरीत पडलेल्या मुलाला वाचवताना तो तुरुंगात गेला होता. विहिरीतून थेट तुरुंगात कसा, हे विचारायची सोय नव्हती. नवऱ्याचं काम करणारा माणूस वसुलीप्रमुख होता.

आणि पहिल्या पानावर होतं: 'लेखन: मंडळाचे सर्व कलाकार. संकल्पना आणि दिग्दर्शन: साहेब.'

"साहेब, हे नाटक मी लिहिलंय," कुजबुज म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"अहो बाई, सुरुवात तुम्हीच केलीत की! नाही कोण म्हणतंय?" खात्याचे प्रमुख आणि मंडळाचे कायमचे दिग्दर्शक असलेले साहेब हसले. "पण दार तुम्हीच उघडं टाकलंत. सगळ्यांचे हात लागले, म्हणजे सगळ्यांचं झालं."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि बीळ आपणच सारवून दिलंय, याने तिचं डोकं जास्तच फिरलं. घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"मी काय सांगितलं होतं?" नणंद म्हणाली.

"ते नंतर ऐकव. माझं परत येईल का?"

येत होतं. नणंदेने फाइलीच्या आधीच्या आवृत्त्या उघडल्या. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय बदललं, सगळं जिथल्या तिथे. फक्त लिंक कोणालाही दिल्यामुळे नावं नव्हती; प्रत्येक बदलापुढे 'अनोळखी पाहुणा' एवढंच. पण कुजबुजला कसले अनोळखी! एकेकाची हौस तिला पाठ होती. तिने एक बटण दाबून आपली एकेचाळीस पानं परत आणली, उघडी लिंक बंद केली आणि अकरा ईमेल एकेक करून टाइप केले. फक्त पाहणे. काम वीस मिनिटांचं निघालं.

मग जुने बदल चाळता चाळता ती शेवटापाशी थांबली. बायकोचं तीन पानी भाषण, जे लिहिताना ती स्वतः तीनदा रडली होती, ते कुणीतरी साफ उडवलं होतं. त्या जागी दोनच वाक्यं होती: 'जेवून जा. राहायचं नाही.'

तिने आधी मनसोक्त शिव्या घातल्या. मग ते पुन्हा वाचलं. मग मोठ्याने म्हणून पाहिलं.

नणंद कांदा चिरायची थांबली. "हे तू लिहिलंस?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. नाव नाही, साक्षीदार नाही, कुणाला कळणार होतं? तेवढ्यात तिला साहेबांचं हसू आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. "नाही गं," ती म्हणाली.

बुधवारी तालमीला सगळ्यांदेखत तिने साहेबांपुढे तारखांसकट सगळा इतिहास धरला. साहेब म्हणाले, गंमत केली हो. मग तिने ती दोन वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मीटरदुरुस्तीच्या खोलीत एकदम नऊ हात वर गेले. साहेबांनी तर दोन्ही केले. मावशी तेवढ्या खाली वाकून जमिनीवर सुई शोधत होत्या, आणि सुई त्यांच्या बोटांतच होती.

कुजबुजने त्यांना कपडेपटात गाठलं.

"मी मुद्दाम नाही हो केलं, बाई!" मावशी कळवळून म्हणाल्या. "कोट किती ते बघत होते. बोट कुठे लागलं कोण जाणे, तीन पानं निळी झाली आणि गेलीच. एवढं मोठं भोक पडलं, ठिगळ तर लावायला हवं ना?"

"पण हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचतंय कुठलं. मीच बोलले होते एकदा."

कुजबुजने मनातल्या मनात ते पहिलं पान पुन्हा मांडून पाहिलं. मग ती म्हणाली, "पहिल्या पानावर तुमचं नाव टाकते, मावशी. माझ्या शेजारी."

"नको!" मावशींनी तिचा हातच धरला. "तो जेवून गेला खरा, पण अजून माझा पत्ता विचारत फिरतो. कुठे नाव दिसलं की पुन्हा दारात उभा राहील." मग हात सोडत म्हणाल्या, "आणि रागवू नका, पण ती तीन पानं परत आणू नका. निळी व्हायच्या आधी मी वाचली होती."

त्याच संध्याकाळी कुजबुजने मावशींचा ईमेल यादीतून काढला, कारण ती यादी सगळ्यांना दिसत होती. त्यांना तिने कागदी प्रत दिली. शुक्रवारी तिने आपल्या हाताने ती तीन पानं पुसली, ती दोन वाक्यं ठेवली आणि मागचा काहीच इतिहास नसलेली नवी फाइल करून स्पर्धेला पाठवली. पहिल्या पानावर तिचं एकटीचं नाव होतं, ठळक, मधोमध. ते बघून तिला हवा होता तेवढा आनंद झाला नाही.