‘रेतीबंदर’ कुणी ऐकली?

नसरुद्दीनने कॅसेट मशीनमध्ये सरकवली, झाकण लावलं आणि हेडफोनची वायर उपसून बाजूला टाकली.

"आता दोघंही ऐकू," तो म्हणाला. "सकाळपासून मी एकटाच ऐकतोय."

लुईस तुस्कानोने मान हलवली. खोलीतला एसी हुडहुडी भरेल असा चालू होता, तरी लुईसचा शर्ट पाठीला चिकटला होता. भिंतीशी व्हिडिओ कॅसेटींचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगावर मालकाचं नाव चिकटवलेलं होतं. दोह्याला उतरणाऱ्यांच्या सामानातल्या कॅसेटी तपासायला इथे, या सरकारी ऑफिसात, येत. कुणीतरी त्या बघे, ऐके, आणि वावगं काही नसलं की मालकाला परत मिळत. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण कॅसेटी घेऊन जा असा निरोप येणं वेगळं आणि ‘साहेबांना भेटून जा’ असा फोन येणं वेगळं. तो फोन नेमका लुईसच्या मॅनेजरनेच उचलून त्याच्या हाती दिला होता.

त्यात लुईसचं मन साफ नव्हतं. सुट्टीहून येताना विमानतळावर कॅसेटींचा खोका ठेवून घेतला गेला खरा, पण डझनभर कॅसेटी बायकोच्या, मर्लिनच्या, बॅगेत, परकरांच्या घड्यांत बसून आरामात बाहेर आल्या होत्या. ही अक्कल लुईसचीच. "पकडलं तर परकर तुझे म्हणून सांगेन," असं मर्लिन तेव्हा म्हणाली होती. आत्ता ती खाली गाडीत बसून होती. हॉस्पिटलमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली होती आणि आज तिला चेष्टा सुचत नव्हती.

‘रेतीबंदर’ ही लुईसची स्वतःची कॅसेट. वसईत कॉलेजात असताना त्याने आणि ब्रायन मच्याडोने बँड काढला होता. दोन गिटारी, एक ड्रम, आणि मराठीत रॉक. लोक फिदीफिदी हसायचे. "लग्नात वाजवा रे काहीतरी, चार पैसे तरी सुटतील!" पुढे ब्रायन मेसईदला खताच्या कारखान्यात लागला, मागोमाग लुईस दोह्यात अकाउंट्सला आला, आणि बँडचं तिथेच आटोपलं. लुईसच्या डोक्यातला किडा मात्र गेला नाही. दोन सुट्ट्या त्याने मुंबईच्या स्टुडिओत घातल्या आणि एकट्याच्या नावावर कॅसेट काढली. मुंबईत तिला कुत्र्यानेही विचारलं नाही. दुकानदारांनी वरचं प्लॅस्टिकदेखील न फोडता गठ्ठे परत केले. मग तोच माल खोक्यात भरून त्याने इकडे आणला. निदान आपली माणसं तरी ऐकतील.

परकरांतल्या कॅसेटी त्याने वाटल्या आणि आपल्या माणसांनी तोंडभरून कौतुक केलं. शुक्रवारची मिस्सेची प्रार्थना संपल्यावर डेरिल म्हणाला, "ए साइड चांगलीच आहे, पण बी साइडला तोड नाही, बॉस!" ॲलिसनने तर हात धरून सांगितलं, "शेवटच्या गाण्याला मी रडले रे." लुईस आठवडाभर तरंगत होता.

पण त्याला मत हवं होतं ते फक्त ब्रायनचं. सुट्टीआधी दोघांचं चांगलंच वाजलं होतं. "बँडची जुनी गाणी तुझ्या एकट्याच्या कॅसेटवर कशाला?" असं ब्रायनने विचारलं आणि "बँड आहे कुठे?" असं लुईस बोलून गेला. बोलल्यावर त्याला वाईट वाटलं. म्हणून ती गाणी त्याने वेगळी, दुसऱ्या बाजूला घेतली, आणि कव्हरवर त्या गाण्यांपुढे ‘लुईस आणि ब्रायन’ असं ठळक छापून घेतलं. तोंडाने माफी मागणं दोघांनाही कधी जमलं नव्हतं. पहिली कॅसेट त्याने ब्रायनच्या हातात दिली, आणि त्या दिवसापासून ब्रायन गप्प झाला. फोन नाही, शुक्रवारच्या कॉयरला गिटार नाही. जळतोय, लुईसने मनाशी ठरवून टाकलं. ऐकलीसुद्धा नसेल. आज संध्याकाळी ब्रायन नोकरी सोडून कायमचा कॅनडाला भावाकडे निघाला होता, आणि लुईस त्याला भेटायला जाणार नव्हता.

मशीन फिरत होतं. स्पीकरमधून नुसतं बारीक सूं ऐकू येत होतं.

"आवाज वाढवा ना जरा," लुईस म्हणाला.

"वाढवलेलाच आहे."

"मग चालू नसेल झाली."

"अहो, फिरतेय बघा की."

नसरुद्दीन श्रीवर्धनचा. फोनवर तो हिंदीत बोलला होता, पण कव्हरवरचं मराठी पाहून आज मराठीतच सुरू झाला होता. त्याने कॅसेट काढली, खोक्यातली दुसरी लावली. सूं. तळातली एक उपसून लावली. सूं.

"सगळा खोका असाच. एका बाजूला गाणी, दुसरी कोरी." त्याने आवाज खाली आणला आणि आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे मान वळवली. "मुदीरना, आमच्या साहेबांना, तेच खटकलंय. कागदावर गाण्यांची नावं आहेत आणि आत गाणी नाहीत. म्हणजे याने काहीतरी पुसलं, म्हणाले. काय पुसलं ते विचार."

"पुसलं? मी?" लुईस अर्धा उठला. "अहो, मी गायलोय ती! कॉपी करणाऱ्याने घोळ घातलाय हा. माझ्याकडे स्टुडिओतली आहे, तिच्यात सगळं आहे. आणि इतक्या लोकांनी ऐकली, एकाने तरी सांगायचं की नाही मला—"

तो थांबला. आतल्या खोलीत कुणीतरी चहात चमचा फिरवत होतं.

नसरुद्दीनने चष्म्यावरून पाहिलं. "कुणी ऐकली? खोका तर इथे होता."

नोकरी, व्हिसा, मर्लिनची बॅग, सगळं एकदम लुईसच्या डोळ्यांपुढे आलं.

"वसईला," तो म्हणाला. "वसईच्या लोकांनी."

खोटं बोलणं त्याला कधीच साधलं नव्हतं. कान तापले की मर्लिनला कळायचं, आणि आत्ता ते तापले होते. नसरुद्दीनने त्या कानांकडे पाहिलं. मग एक कॅसेट घेऊन आत गेला. आतून अरबीत काही बोलणं झालं, नुसतं ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, एवढंच लुईसला कळलं. मग कुणीतरी हसलं.

"खलास," नसरुद्दीन बाहेर येऊन म्हणाला. "कॉपीवाल्याने फसवलं म्हणून सांगितलं. न्या तुमचा खोका." खोका पुढे सरकवताना तो वाकला आणि हळूच म्हणाला, "आणि वसईच्या लोकांना सांगा, कॅसेट उलटीही करायची असते."

लुईसला हसावं की त्याचे पाय धरावेत कळेना. दारापर्यंत जाऊन तो वळला. राहवेना त्याला.

"पहिली बाजू कशी वाटली तुम्हाला?"

"मी काय हो, शिव्या आहेत का, दारू आहे का, एवढंच ऐकतो," नसरुद्दीन म्हणाला. "नव्हत्या."

खाली मर्लिनने त्याला खोक्यासकट येताना पाहिलं आणि छातीवर क्रूस केला. लुईस गाडीत बसला, पण चावी फिरवेना.

"अरे, बोल काहीतरी! जीव जातोय माझा."

"बी साइड कोरी आहे."

"कसली कोरी? आपल्या गाडीत तर रोज वाजते."

"ती स्टुडिओतली. वाटलेल्या सगळ्या कोऱ्या आहेत."

मर्लिनने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे डेरिल... आणि ॲलिसन! अरे देवा, ॲलिसन!" तिला हसू फुटलं, आणि त्याचा चेहरा पाहून ते तिने गिळलं. "जाऊ दे रे. लोकांना वेळ नसतो."

"वेळ नसतो तर नाही ऐकली म्हणावं. रडायचं कशाला?" त्याचा आवाज चढला. इतका राग आणि इतकी लाज त्याला एकदम कधी आली नव्हती. आठवडाभर आपण कॉलर ताठ करून फिरलो, तो आठवडा त्याला कुठेतरी पुरून टाकावासा वाटला. मग तो म्हणाला, "ब्रायनचं विमान कधी आहे?"

"सात वाजता. चारला निघेल तो मेसईदहून."

त्याने गाडी सुरू केली. वकरा गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना पिवळी रेती, आणि लांब कारखान्यांच्या चिमण्यांवर भर उन्हात जळणाऱ्या ज्योती.

"लुईस," मर्लिन म्हणाली, "त्याला विचारणार आहेस तू. आणि त्यानेही ‘छान होती’ म्हटलं तर?"

तेच त्याच्या मनात चाललं होतं. ब्रायनने ऐकली नसेल तर चालेल. शिव्या घातल्या तरी चालेल. पण कॉलेजपासून ज्याच्या कानावर आपण विसंबलो, तोही ‘छान’ म्हणाला, तर मग गिटार विकायचीच. दुसरं काय करायचं?

ब्रायनच्या क्वार्टरचं दार उघडंच होतं. आत सगळी बांधाबांध झालेली, आणि मधोमध ब्रायन गुडघ्यांवर बसून शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होता. गिटारची केस दाराशी उभी होती. त्याने वर पाहिलं.

"तू होय," तो म्हणाला. "मर्लिन?"

"गाडीत आहे. कॅसेट ऐकलीस?"

ब्रायनने चिकटपट्टी दातांनी तोडली. "ऐकली."

"बोलला नाहीस काही."

"सगळे बोलले ना. डेरिल म्हणे पोरांनाही ऐकवतो."

"मी तुला विचारतोय."

"दुसऱ्या गाण्यात धावतोस तू. ड्रमवाला बिचारा मागून पळतोय. चौथं चांगलं आहे. त्यात कुणाला दाखवायला गात नाहीस."

एरवी लुईस यावर तासभर भांडला असता. आज त्याने चौकट धरली.

"आणि बी साइड?"

ब्रायनने अंगठ्याने पट्टी दाबली. नीट बसली होती तरी पुन्हा दाबली. लुईस त्याच्या ओठांकडे बघत राहिला. ‘छान’ म्हणू नको रे. काहीही म्हण, पण ते म्हणू नको.

"ऐकली ना," ब्रायन म्हणाला. "शेवटपर्यंत ऐकली."

आता ‘छान’च येणार, असं वाटून लुईसने चौकट सोडली.

"कव्हरवर माझं नाव पाहिलं म्हणून लगेच लावली. काही येईना. म्हटलं, थोडं पुढे असेल. टेप संपेस्तोवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी परत लावली, म्हटलं, आपलाच प्लेअर बिघडला असेल." त्याने मान वर केली नाही. "पुसायचीच होती गाणी, तर नाव कशाला छापलंस? तेवढं सांग. बाकी काही नको मला."

लुईस खाली बसला, तिथेच, फरशीवर. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि दोन्ही आवरेनात.

"तुझीच नाही रे," तो म्हणाला. "सगळ्यांच्याच कोऱ्या आहेत. कॉपीवाल्याचा गाढवपणा. मला आज कळलं."

"सगळ्यांच्या?"

"डेरिलची. ॲलिसनची. सगळ्यांची."

ब्रायन त्याच्याकडे बघतच राहिला. "पण ॲलिसन तर रडली होती!"

मग दोघंही असे हसले की मर्लिन गाडीतून उतरून दारात आली. तिला पाहून ब्रायनने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि म्हणाला, "काही नाही गं. तुझ्या नवऱ्याची कॅसेट फार गाजतेय."

ब्रायनचा प्लेअर खोक्यात गेला होता. ते गाडीत जाऊन बसले, दोघं पुढे, मर्लिन मागे. लुईसने स्टुडिओतली कॅसेट उलटी करून लावली. पहिलं गाणं सुरू होताच ब्रायनने हात वर केला, म्हणजे गप्प. गिटार किंचित उतरलीय, एवढं तो मध्येच म्हणाला. एका कडव्याला त्याने नाक मुरडलं. लुईस निमूट ऐकून घेत होता. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटचं गाणं अर्ध्यावर आलं आणि लुईसचा आवाज थांबला. नुसता ड्रम चालू राहिला, संथ, एकटा.

"इथे काय झालं?" ब्रायन म्हणाला. "इथे माझी गिटार असायची."

"जागा सोडलीय."

ब्रायनच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकेक करून दाबली जाऊ लागली, जुन्या क्रमाने, एकही न चुकता. ड्रम चालला होता. मागे मर्लिनने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चार वाजत आले होते, आणि तो हात पदराखाली घेतला.