डुलकीचे एकोणपन्नास

“नक्कल करायची तरी शेजारी कुणीतरी हुशार बसलेलं लागतं, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “हिच्या पुढच्याला एकवीस, शेजारणीला अठरा. मग हिचे पन्नासपैकी एकोणपन्नास आले कुठून?”

गणिताच्या बाई टेबलासमोर उभ्याच होत्या. आठवीची ही चाचणी सगळ्या शाळांत एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर व्हायची आणि पेपर तपासायला बाहेर जायचे. शाळा दरवर्षी तळाशी असायची. यंदाही होतीच. त्या सगळ्या मरगळलेल्या आकड्यांत एकच आकडा ताठ उभा होता, आणि तो डुलकीचा होता.

डुलकी हे नाव पोरांनी ठेवलेलं. शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसणारी मुलगी. काही विचारलं की उभी राहायची, पण ओठ उघडायचे नाहीत. वर्ग खदखदायचा. हळूहळू बाईंनीही तिला विचारणं सोडून दिलं होतं.

“बाहेरचे पर्यवेक्षक आले नाहीत म्हणून वर्गावर ऐनवेळी तुम्हालाच पाठवलं होतं,” मुख्याध्यापक म्हणाले. “मी काही म्हणत नाही हं. पण तपासनीस येणार आहेत. ते म्हणतील.”

बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या तशी आतली बोलणी तुटली. विज्ञानाच्या सरांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. “घ्या बाई. तुमची शिकवणी लावायला पाहिजे आता आमच्या पोरांना. एकटीलाच का तारलंत?”

कुणीतरी खोकल्याआड हसलं. इतकी वर्षं शाळेचा खडूचा तुकडाही बाईंनी घरी नेला नव्हता. त्यांनी कप तसाच परत सरकवला.

संध्याकाळी यजमान एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी सरळ करत बसले होते. दुकानातलं उरलेलं काम ते घरी आणायचे.

“तू काही सांगितलं नाहीस ना तिला?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्हीसुद्धा?”

“अगं, विचारलं नुसतं.”

पण पाल चुकचुकली ती बाईंच्याच मनात. वर्गात फिरताना चुकलेल्या उत्तरापाशी क्षणभर थांबायची त्यांना सवय होती. त्या दिवशी आपण डुलकीपाशी थांबलो होतो का? आपली पावलं थांबली की उत्तर चुकलंय, हे पोरीनं ओळखलं असेल का? की प्रश्नपत्रिकाच आधी कुठून तरी फुटली? तिची आई घरोघरचे कपडे इस्त्रीला आणायची. त्यांत शिक्षण खात्यातल्या कुणा साहेबाचं घर असलं तर? विचार आला आणि बाईंना स्वतःचीच शिसारी आली. तरी तो गेला नाही.

सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांना गाठलं. “तपासनीसांसमोर तिला नवीन गणितं द्या. मी खोलीत थांबत नाही. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे.”

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “हे मात्र बेस झालं!”

तपासनीस आले त्या दिवशी बाईंनीच डुलकीला वर्गातून बोलावलं. “परत एकदा पेपर द्यायचाय तुला.”

“एकटीनं?”

“हो.”

“का?”

“असंच.”

डुलकीनं त्यांच्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

बाई बाहेर खुर्चीत बसून राहिल्या. आतून पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं तपासनिसांनी त्यांना हाक मारली.

“सगळी बरोबर आहेत,” ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा हिरमुसलेला होता. “एक तर तिनं माझ्यापेक्षा सोप्या रीतीनं सोडवलंय. काय गं, घरी कोण शिकवतं?”

“कुणी नाही. बाई शिकवतात.”

“पण वर्गात तू झोपतेस म्हणे!”

“झोपत नाही.” डुलकीला इतकं सलग बोलताना बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. “डोळे उघडे ठेवले की सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. मिटले की नुसता बाईंचा आवाज येतो. मग गणित आपोआप दिसतं.”

तपासनीस मोठ्यानं हसले, तिची पाठ थोपटली आणि निघून गेले. गाडी फाटकाबाहेर पडताच मुख्याध्यापक बाईंकडे झुकले. “सुटलो एकदाचे. आता आपल्यातच सांगा, किती दिवस घोटून घेत होतात?”

बाई बाहेर आल्या. डुलकी जिन्यापाशी त्यांची वाट बघत होती.

“बाई, मला परत बसवा असं कोण म्हणालं? ते साहेब की आपले सर?”

दोघांपैकी कुणाचंही नाव सांगता आलं असतं. बाईंच्या ते ओठांवरही आलं.

“मी म्हणाले,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही?” डुलकीनं हातातली पेन्सिल खिशात घातली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्हाला तरी माहीत असेल.”

आणि ती वर्गाकडे गेली.

त्यानंतर डुलकीचे डोळे वर्गात कधी मिटले नाहीत. ती फळ्याकडे टक लावून बघत बसायची आणि तिची गणितं मधेमधे चुकू लागली. बाई तिला मुद्दाम विचारायच्या, मऊ आवाजात विचारायच्या. ती उभी राहून नेमकं तेवढंच उत्तर द्यायची आणि खाली बसायची.

पुढच्या महिन्यात शाळेची साधी घटक चाचणी होती. बाई प्रश्नपत्रिका घेऊन वर्गात शिरल्या तेव्हा डुलकी आपला बाक ओढत होती. बाकाचे पाय फरशीवर करकरत होते. सगळ्यांपासून लांब, दाराजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात तिनं तो नेऊन लावला आणि दोन्ही हात बाकावर उघडे ठेवून बसली.

“अगं, तिथं कशाला? ये इकडे, मैत्रिणींजवळ.”

“असू दे बाई. इथं बरं आहे.” तिच्या आवाजात राग नव्हता. “म्हणजे नंतर कुणाला काही विचारावं लागणार नाही.”

बाईंनी ओळीओळीनं प्रश्नपत्रिका वाटल्या. शेवटी एक उरली. ती घेऊन त्या कोपऱ्याकडे चालू लागल्या.