ओव्हरटाइमचे अठ्ठेचाळीसशे

हिशेबाच्या शेवटी शून्य उरलं तेव्हा प्रतिभाला इतका आनंद झाला, की तिने त्या शून्याला लाल पेनने चौकट मारली. लेकीच्या गेल्या वर्षीच्या वहीत बारा पानं कोरी राहिली होती, त्यातल्या पहिल्या पानावर तिने सगळं मांडलं होतं. वर जमा, खाली खर्च. पंचवीस हजार दोनशे आले, पंचवीस हजार दोनशे गेले. आता यात नाचण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण या घरात तीन वर्षं दर महिन्याच्या वीस तारखेला उसनवारी सुरू व्हायची, आणि वहीत तरी ती थांबली होती.

घर म्हणजे कारेगावातली भाड्याची एक खोली. नवरा मल्हारी रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला, मशीनवर. पगार हातात सतरा हजार चारशे. प्रतिभा सकाळी एका मेसमध्ये चपात्या लाटायची, त्याचे तीन हजार. आणि ओव्हरटाइमचे अठ्ठेचाळीसशे. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली की मल्हारी आणखी चार तास थांबायचा आणि रात्री आठच्या बसने यायचा. पगार बँकेत पडायचा, ओव्हरटाइमचे पैसे मात्र ठेकेदार रोख द्यायचा.

कर्ज कसलं, तर मल्हारीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. कवठे येमाईला मांडव पडला, हजार पान उठलं, सगळं कसं झोकात झालं. झोक शिरूरच्या पतसंस्थेच्या पैशांवर होता, एवढंच. दर महिन्याच्या दहा तारखेला पाच हजार दोनशेचा हप्ता. वर बचत गटाचे एकवीसशे आणि मोटरसायकलचे सत्तावीसशे. गटाच्या बाया उशीर झाला तर तोंड करायच्या, मोटरसायकलवाला फोन करून करून डोकं उठवायचा. ते सगळं ऐकून घेता येत होतं. पतसंस्थेचं तसं नव्हतं.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार होता प्रतिभाचा थोरला भाऊ माऊली. दौंडला एका शाळेत शिपाई. पक्की पगाराची नोकरी सगळ्या गोतावळ्यात त्याचीच, म्हणून सही त्याची. लागोपाठ दोन हप्ते थकले की नोटीस थेट त्याच्या शाळेत जाणार आणि त्याच्या पगारातून कापून घेणार, असं कागदावर छापलेलंच होतं. आणि माऊलीने ही सही बायकोला न विचारता केली होती. नोटीस गेली तर माहेरचं दार आपल्याला बंद होईल, हे प्रतिभा पुरतं जाणून होती. भाऊ तोंडाने काही बोलणार नाही, आणि तेच तिला जास्त लागणार होतं. म्हणून जून महिन्यात ही वही.

वही मांडली त्या रविवारी तिने मल्हारीला समोर बसवून ती मोठ्याने वाचून दाखवली. भाडं, किराणा, गॅस, अर्धा लिटर दूध, लेकीच्या शाळेची गाडी, गावाकडं सासूबाईंना, म्हणजे गिताबाईंना, पाठवायचे पंधराशे. मल्हारी मान डोलवत होता. ओव्हरटाइमच्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही वळ चुकली तर सगळंच गडगडतंय बगा. दादाच्या शाळंत नोटीस जाईल."

"न्हाई चुकायची," मल्हारी म्हणाला. बोलायला तो असाही कंजूष होता.

आणि नाहीच चुकली. जुलैत अठ्ठेचाळीसशे आले, ऑगस्टात आले, सप्टेंबरातही आले. दर महिना संपता संपता मल्हारी खिशातून पाचशेच्या नोटा काढायचा, प्रतिभा त्या वहीत घालायची आणि दहाला शिरूरला जाऊन हप्ता भरून यायची. पतसंस्थेतल्या अनुपमा मॅडमनी एकदा तिची वही पाहिली आणि तिचं कौतुकही केलं. नुसतं एवढंच विचारलं, की ओव्हरटाइम दर महिन्याला मिळतोच का? प्रतिभाने ठसक्यात सांगितलं, मिळतो म्हणजे, माझा नवरा अंगचोर नाही. मॅडमनी वही परत दिली.

वहीची सवय एकदा लागली की माणूस जे दिसेल ते लिहितो. प्रतिभा तर काड्यापेटीसुद्धा लिहायची. तिच्या हिशेबात दर महिन्याला काही ना काही वर जायचं. कुणाचं बारसं निघालं की भाजीच्या पैशांतून आहेर जायचा, मग आठवडाभर डाळीवर भागवायचं. खाली मात्र काही यायचं नाही. आली ती एकच गोष्ट, कपड्यांची पावडर. एरवी किलोचा पुडा वीस तारखेला तळाला जायचा. जुलैत तो महिनाभर पुरला. ऑगस्टात महिना संपूनही पाव किलो उरली. प्रतिभा खूश झाली, वहीत 'बचत' म्हणून लिहिलंसुद्धा. सप्टेंबरात पुन्हा उरली, तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

मल्हारीच्या मशीनला पांढरं तेलकट पाणी लागायचं. बारा तासांत ते शर्टाच्या बाह्यांत, पोटावर, खिशापर्यंत मुरायचं. ओव्हरटाइमचा शर्ट दोनदा पावडर लावून घासल्याशिवाय निघायचा नाही आणि निघाला तरी वास राहायचा. प्रतिभाने दोरीवरचे तिन्ही शर्ट काढले, एकेक करून नाकाला लावले. मग आठवायला लागली, दोनदा शेवटचं कधी घासलं? जूनमध्ये. त्यानंतर नाही.

नवरा चार तास कुठं असतो, हा प्रश्न बाईच्या मनात आला की त्याचं पहिलं उत्तर काही चांगलं नसतं. ते तिच्याही मनात आलं. मग वाटलं, दारू? पण दारू प्यालेला माणूस अठ्ठेचाळीसशे घरी आणून देत नाही. बाई? तिथंही तेच. पैसे तर येत होते, पावडर तेवढी उरत होती. दोन दिवस ती हे डोक्यात घोळवत चपात्या लाटत होती, आणि मेसवाल्याने चपात्या जाड होतायत म्हणून तिला दोनदा टोकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीला शेजारी सोडून ती शेअर रिक्षाने रांजणगावला गेली आणि कंपनीच्या गेटसमोर उभी राहिली. साडेतीनला भोंगा झाला. माणसं लोंढ्याने बाहेर पडली, बसमध्ये चढली, बस भरून निघून गेल्या. मल्हारी चढला नाही. डबा हातात घेऊन तो रस्त्याच्या कडेने शंभर पावलं गेला, एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या ओट्यावर बसला आणि नुसता बसून राहिला. फोनही काढला नाही. प्रतिभा अर्धा तास लांबून पाहत होती. तिला वाटलं होतं राग येईल. आली ती भीती, की या माणसाला काही आजार तर नाही?

ती जाऊन शेजारी बसली. मल्हारीने तिला पाहिलं आणि डबा मांडीवर घट्ट धरला.

ओव्हरटाइम बंद झाला होता. जुलैच्या एक तारखेलाच. ऑर्डर कमी झाल्या म्हणून कंपनीने गेटवर कागद चिकटवला होता. मग पैसे कुठून आणले, तर म्हस्कूकडून. म्हस्कू त्याच्याच लाइनवरचा, कामगारांत व्याजाने पैसे फिरवणारा, महिना शेकडा पाच. तीन महिन्यांचे चौदा हजार चारशे आणि वर व्याज. हे सगळं मल्हारीने हळूहळू, रस्त्याकडे बघत सांगितलं. आधी म्हणे समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मेंढरांचा वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, उतरला होता, तिथं आपली माणसं म्हणून जाऊन बसायचा. आठवड्यातच त्यातली एक म्हातारी गिताबाईच्या ओळखीची निघाली आणि घरचं विचारायला लागली, तेव्हा तिथून उठला.

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"तू वहीत लिव्हलं व्हतंस," मल्हारी म्हणाला. "लाल पेननं."

जून महिन्यात आपण केवढ्या तोऱ्यात ते पान वाचलं होतं, ते तिला आठवलं आणि लाज वाटली. तीन महिने ती कर्ज फेडायला जात होती आणि कर्ज काढूनच फेडत होती.

"चार तास हितं बसून च्या तरी प्यायलात का?"

"टपरीवर गेलं की धा रुपयं जात्यात."

दोघं पुढच्या शेअर रिक्षाने घरी आली.

दुसरं पान मांडायला त्यांना आठवडा लागला, कारण या वेळी लाल पेन मल्हारीच्या हातात होता. ओव्हरटाइमची ओळ त्याने खोडली. मोटरसायकल विकायची, हेही तोच म्हणाला. कंपनीची बस फुकट नेते-आणते, गाडी हवी कशाला? मिरवायला? गाडी विकून फायनान्सचे फेडले, म्हस्कूचे व्याजासकट तोंडावर मारले, हातात नऊशे रुपये उरले. हप्ता आणि पेट्रोल मिळून तेहतीसशेचा खर्च गेला. मल्हारी चारला घरी येणार तर लेकीपाशी तो बसेल, म्हणून प्रतिभाने मेसच्या संध्याकाळच्या चपात्याही धरल्या, त्याचे पंधराशे. आहेर आणि बारशाला महिना पाचशे लिहिले, कारण ते न लिहिल्याने थांबत नव्हते. गिताबाईंच्या पंधराशेला हात लावायचा नाही, असं दोघांचंही मत पडलं. एवढं करूनही महिन्याला साडेनऊशे कमी पडत होते.

अनुपमा मॅडमनी दुसरं पान नीट वाचलं. म्हणाल्या, हप्ता बेचाळीसशेवर आणता येईल. सात महिने जास्त भरावे लागतील, व्याजही थोडं वाढेल. फक्त एक गोष्ट लागेल, जामीनदाराची नवी सही.

म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं म्हणून एवढा आटापिटा केला, त्यालाच बोलवायचं. प्रतिभाने दोन दिवस फोन हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला आणि सगळं सांगून टाकलं, वजनकाट्याच्या ओट्यासकट. माऊलीने ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात तिचे पुढचे चार दिवस गेले.

सोमवारी तो आला. दौंडहून चौफुला, तिथं गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूर, अंगावर शाळेचाच खाकी शर्ट. मल्हारीने पहिल्या शिफ्टला सुट्टी टाकली होती. पतसंस्थेच्या बाकावर तिघं बसले. माऊलीने पेन काढला नाही. आधी म्हणाला, "तुज्या वहिनीला सांगून आलोय."

प्रतिभाने लगेच विचारलं, "काय म्हणली?"

"दोन दिस बोलली न्हाई. मग म्हणली, सही करा, पर वही बगून करा. आण हिकडं."

त्याने वही घेतली, चष्मा लावला आणि बायकोने बजावल्याप्रमाणे एकेक ओळ वाचायला लागला. भाडं वाचलं. किराणा वाचला. आहेराच्या पाचशेपाशी थांबला, पण सोडून दिलं. बोट खाली सरकत सरकत एका ओळीवर येऊन टेकलं.

"दूध," तो म्हणाला. "मागल्या पानावर अर्धा लिटर व्हतं, आता पाऊण लिटर लिव्हलंय. साडेचारशे जास्ती. माणूस कर्जात असल्यावर दूध कमी करतंय, तू वाढिवलंस व्हय?"

मल्हारी आपल्या चपलांकडे पाहत होता. अनुपमा मॅडमनीही मान वर केली होती.

"ते राहू दे, दादा," प्रतिभा म्हणाली. "हे आता चारला घरी येत्यात. मागल्या पानात ह्यांचा च्या धरलाच नव्हता."

माऊलीने चष्म्यावरून एकदा मेव्हण्याकडे पाहिलं. मग वही मिटून बहिणीच्या हातात दिली आणि सही कुठं करायची ते मॅडमना विचारलं.