कागदावर मेलेली म्हैस

विम्याचा हप्ता वाढला, असं घरात कुणी म्हटलं की पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं असतं : "मग यंदा राहू द्या." माणसाचा विमा असो, गाडीचा असो, नाहीतर जनावराचा. मंजुळाबाईच्याही ओठावर तेच वाक्य आलं होतं. पण तिने ते गिळलं. कारण जिचा विमा होता ती मैना म्हैस त्या वेळी गावाबाहेरच्या चारा छावणीत बांधलेली होती, आणि छावणीत दोन दिवसांआड कुणाचं ना कुणाचं दावं रिकामं होत होतं.

दिंद्रुडच्या अलीकडचं ते गाव. सलग दुसरं साल कोरडं गेलेलं. शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं. नवरा उत्तरेश्वर मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भट्टीपुढे उभा राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. बाकी घर चालायचं ते मैनेच्या दुधावर. सकाळी धार काढायची, गावच्या सहकारी दूध संस्थेत किटली रिकामी करायची, की त्या दिवसाची चूल पेटली. मैना गेली तर सगळंच गेलं, हे मंजुळाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

छावणीतल्या पत्र्याच्या सावलीत तिने तीन कागद मांडीवर पसरले. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर लावता येत होतं. पहिला कागद जुन्याच कंपनीचा. त्यात सगळं होतं, आजार, अपघात, छावणीतलं मरण. पण हप्ता गेल्या सालच्या दुपटीच्या वर गेलेला. दुसरा बीडच्या एका एजंटाने दिलेला. हप्ता निम्मा! तिचा जीव हरखला. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : पहिले काही आठवडे आजाराने मेलं तर भरपाई नाही, आणि छावणीतलं जनावर धरलं जाणार नाही. म्हणजे जिथे मरायची भीती, तिथेच विमा नाही. तिसरा बँकेचा. तो बरा होता, पण तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे. तिने तिन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. जो परवडत होता तो कामाचा नव्हता, आणि जो कामाचा होता तो परवडत नव्हता. जुन्या विम्याची मुदत संपायला आठवडा राहिला होता.

त्याच दुपारी आप्पाराव आले. दूध संस्थेचे चेअरमन, पन्नाशीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी एक. त्यांची जनावरं छावणीत नव्हती, मळ्यातल्या गोठ्यावर होती.

"मंजुळे, मपली म्हस सकाळी गेली गं," ते खाली बसत म्हणाले. "अन् विमा उतरवायचाच राहिलता."

"आरं देवा! कशानं गेली आप्पा?"

"उन्हानं. ते जाऊ दे. तुज्या मैनेच्या कानात विम्याचा बिल्ला हाय. मुदत संपायच्या आत तो बिल्ला मपल्या म्हशीच्या कानात गेला, तर कागदावर तुजी मैना मरंल. भरपाई येईल तुज्या नावानं. अर्धी तुला, अर्धी मला. त्यातून मैनेला नवा बिल्ला लाव, भारीतला विमा घे. दोघी काळ्याच, वळल्या शिंगांच्या. कोण बघतंय?"

मंजुळाबाईने मैनेच्या कानातल्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"अगं, कुणाच्या घरातलं जातंय? कंपनीचं जातंय! गावात समदेच करत्यात."

समदेच करतात! या दोन शब्दांनी आजवर किती भल्या माणसांचे पाय घसरले असतील! मंजुळाबाई वाईट बाई नव्हती. पण मांडीवर तीन कागद होते, समोर बरगड्या दिसू लागलेली म्हैस होती, आणि चेअरमन स्वतःहून मार्ग दाखवत होते. म्हैस आजारी आहे असं छावणीत सांगून तिने मैनेला सोडलं आणि आप्पारावांच्या मळ्यात नेलं.

बिल्ला कानात घट्ट बसवलेला. तो सहजी निघत नाही. आप्पारावांनी चाकूने मैनेचा कान चिरला. मैना हंबरली, तिने मान झटकली, आणि रक्ताचे थेंब मंजुळाबाईच्या लुगड्यावर उडाले. मंजुळाबाई तिचं दावं धरून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. बिल्ला मेलेल्या म्हशीच्या कानात बसवला गेला, आणि आप्पारावांनी कंपनीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी विम्याचे साहेब आले. मेलेल्या म्हशीचा, कानातल्या बिल्ल्याचा फोटो निघाला. पंचनाम्यावर सह्या झाल्या. "जबाब घ्यायला पुन्हा येईन," असं म्हणून साहेब गेले. मंजुळाबाईला वाटलं, सुटलो.

ती मैनेला घेऊन छावणीवर गेली, तर तिथल्या कारकुनाने हात आडवा केला.

"बाई, छावणीत चारा मिळतो तो बिल्ल्याच्या नंबरावर. तुमचा नंबर मेला म्हणून कटला. ही म्हस कुणाची?"

तशीच मैनेला घेऊन ती घरी आली आणि मागच्या कुडाआड तिला बांधलं. आप्पाराव म्हणाले, "पैसे येईपर्यंत दम धर." पैसे यायला महिने लागणार होते. मैनेच्या पोटाला ते कोण सांगणार? मंजुळाबाईने जुन्या छपरावरचं पाचट ओढून तिच्यापुढे टाकलं. शेजारणीकडून भाकरीचे तुकडे मागून आणले. कानाची जखम चिघळली, तिच्यावर माश्या घोंघावू लागल्या. जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं, तर मेलेल्या म्हशीला औषध कसं मागायचं? उत्तरेश्वरला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला इचारायचं तरी."

दूध आटत चाललं होतं. जे निघालं ते किटलीत घेऊन ती एके सकाळी संस्थेत गेली. रांगेत पुढे केसरबाई होती. साठीची, संस्था निघाली तेव्हापासूनची सभासद. तिने वळून किटलीकडे पाहिलं.

"मंजुळे, तुजी म्हस तर मेली ना? मग हे दूध कुणाचं?"

सगळी रांग वळली. "भैनीकडून आणलंय," मंजुळाबाई पुटपुटली आणि किटली तशीच घेऊन माघारी फिरली. केसरबाई तिच्या मागोमाग घरापर्यंत आली. कुडाआड गेली. मैनेचा चिरलेला कान तिने पाहिला, खपाटीला गेलेलं पोट पाहिलं, आणि मटकन खाली बसली.

"आक्का, कुणाला सांगू नका," मंजुळाबाईने हात जोडले. "हप्ता दुप्पट झालता. मी काय करायचं व्हतं?"

"हप्ता दुप्पट कावून झाला, हे इचारलंस का कुणाला?" केसरबाई म्हणाली. "गेल्या साली गावात जितकी जनावरं मेली, त्याच्यापरीस जास्त कागदावर मेली. आप्पारावासारख्यांनी मारली. कंपनी काय घरचं देती व्हय? ती आपल्याच हप्त्यातून देती, अन् पुढल्या साली आपल्याच हप्त्यात वाढवून घेती. तुज्या दारात आलेला वाढीव हप्ता गावातूनच आलाय, मंजुळे. अन् पुढल्या सालचा तू पाठवतीस, रांगेतल्या समद्या बायांच्या दारात!"

केसरबाईने मैनेच्या पाठीवर हात ठेवला.

"मपली म्हस घटसर्पानं गेली. खरीखुरी. ह्या हातांनी पुरली. वरीस झालं, भरपाई न्हाई. का? तर साहेब म्हणले, तुमच्या गावचा दावा खरा का खोटा, कसं वळखायचं?"

"आक्का, मैना उपाशी मरू नये म्हणून केलं मी!"

"मग आता ती पोटभर खाती का?"

मंजुळाबाईला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती किती तरी वेळ रडली. केसरबाईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "तीन कागद घेऊन एकटी कुढत बसलीस. संस्था काढली कशाला आपून? नुसतं दूध मोजायला?"

साहेब जबाब घ्यायला आले तेव्हा संस्थेच्या कचेरीत आप्पाराव त्यांच्या शेजारी बसले होते. सांगायचं काय, ते त्यांनी मंजुळाबाईला आधीच पढवलं होतं. ती आत आली. जेल होईल, नवरा टाकेल, गाव थुंकेल, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. केसरबाई दारात उभी होती.

"साहेब, मपली म्हस जित्ती हाय!"

"दुःखानं डोकं फिरलंय तिचं," आप्पाराव उठून ओरडले.

"फिरलं व्हतं, आप्पा. आता ठिकाणावर हाय. साहेब, घरी चला. कानाची जखम बघा. जी मेली ती आप्पांची म्हस. बिल्ला मी दिला. चूक मपली बी हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते तिच्या घरी चालत गेले.

दावा रद्द झाला. मंजुळाबाईने लेखी कबुली दिली म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं नाही, पण पुढचं वर्षभर तिच्या जनावराला विमा मिळणार नाही, असं कंपनीने बजावलं. आप्पारावांना सभासदांनीच खुर्चीवरून उठवलं. मैनेला छावणीत परत घेतलं; डॉक्टरने जखम धुतली. ती वाचली. पण दूध पुन्हा पहिल्यासारखं भरलं नाही, आणि कान कायमचा फाटका राहिला.

मग संस्थेची सभा झाली. केसरबाईच्या सांगण्यावरून ज्याच्या त्याच्याकडे आलेले विम्याचे कागद सगळ्यांसमोर वाचले गेले. कशात काय मिळतं, कशात काय वगळलंय, कुठलं स्वस्त कशामुळे स्वस्त आहे. सगळ्यांनी मिळून एकच विमा घ्यायचं ठरलं. हप्ता दुधाच्या बिलातून थोडा थोडा कापायचा, म्हणजे कुणावर एकदम बोजा नको. आणि जनावर मेलं तर पंचनामा चारचौघांसमोर, उघड्यावर. साहेबांनी कंपनीशी बोलून हप्ता खाली आणला. गेल्या सालाइतका नाही, पण झेपेल एवढा. केसरबाईचा दावाही पुन्हा चौकशीला घेतला गेला.

विमा घेणाऱ्यांच्या यादीत मंजुळाबाईचं नाव नव्हतं. तो सगळा उन्हाळा तिने जीव मुठीत धरून काढला. सकाळी छावणीत पोचेपर्यंत मैना उभी दिसेल की आडवी, या धास्तीने ती झपाझप पावलं टाकायची. तरी गावातल्या कुणा बाईला विम्याचा कागद आला की ती तो घेऊन मंजुळाबाईकडेच यायची. जिच्या स्वतःच्या म्हशीला विमा नव्हता, ती बाई छावणीतल्या सावलीला बसून दुसऱ्यांचे कागद बोटाने ओळ धरून वाचून दाखवायची, आणि बारीक अक्षर आलं की थांबून म्हणायची, "हे नीट ऐक बाई, हितंच फसगत व्हती."

वाचकहो, आप्पाराव म्हणाले होते, कुणाच्या घरातलं जातंय? सरकारी असो, कंपनीचं असो की संस्थेचं, आपणही कितीदा असंच म्हणतो! पण जे कुणाचंच नाही असं वाटतं ते आपलं सगळ्यांचं असतं, आणि खोटेपणाने त्यातून एक घास काढला की तो कुठल्या तरी केसरबाईच्या ताटातून जातो. महागाई वाढली, हप्ता वाढला, तर एकत्र बसा, कागद वाचा, भांडा, मागणी करा. पण खोट्या सहीचा सोपा रस्ता धरू नका. त्या रस्त्याने गेलेल्या मंजुळाबाईला जिवंत म्हैस दारात बांधून उपाशी ठेवावी लागली!