बांधावरचं घमेलं

भावजींच्या बागेच्या बांधावर ठेवलेलं औषधाच्या पाण्याचं घमेलं ह्यांनी लाथेनं उडवलं, तेव्हा मी मागेच उभी होते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

"सख्ख्या भावाला पाय धुवायला लावून आत घेतोस?" हे ओरडले. "मी काय रोग घेऊन आलोय?"

"तसंच समज, दादा," धाकटे भावजी म्हणाले. आवाज जराही चढवला नाही, त्याचाच जास्त राग आला. "काल तू सुताराच्या बागेत होतास. ती बुरशी मातीत असते. पायाला लागते, कुदळीला लागते."

शेजारच्या सुताराची केळी उभ्या उभ्या पिवळी पडली होती. आमच्याकडे रीतच आहे, एकाच्या रानावर संकट आलं की प्रत्येक घरचं माणूस आपापली कुदळ घेऊन जातं. सगळ्यांनी मिळून त्याचे खुंट उपटले, तिथंच सावलीला बसून जेवलो आणि त्याच कुदळी खांद्यावर टाकून आपापल्या रानात आलो. एकटे भावजी गेले नव्हते. तेव्हापासून गाव त्यांना 'सोवळेबुवा' म्हणायला लागलं.

पाऊस सरता सरता आमच्या बागेत खालची पानं पिवळी पडली. मी म्हटलं, "पाणी कमी पडलं असेल."

ह्यांनी कोयत्यानं एक खुंट आडवा कापला. आत तांबूस-काळी वर्तुळं होती.

"सुताराचंही असंच होतं," हे म्हणाले आणि कोयता पुसत राहिले.

मग जो जो मदतीला गेला होता, त्याची त्याची बाग गेली. भल्याची दुनिया नाही म्हणतात. इथं भलेपणानंच घात केला. रडारड कुणी केली नाही, कुणी कुणाकडे कुदळ घेऊन गेलंही नाही. आम्ही दोघांनीच रान मोकळं केलं. वेळ झाली की जेवायचं, अंधार पडला की आडवं व्हायचं. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

एका सकाळी भावजी दारात आले.

"दादा, घड तयार झालेत. दुपारी गाडी येईल. आम्हा दोघांच्यानं आवरायचं नाही. ये ना."

हे उठले. नळाखाली बसून विटेच्या तुकड्यानं टाचा लाल होईस्तोवर घासल्या. बांधावर गेल्यावर घमेल्यात पाय बुडवले. भावजींनी काट्यांचं फाटक बाजूला केलं, तरी हे जागचे हलेनात.

"ये की आत."

"नको. नखात एवढीशी बुरशी राहिली असली तर?"

"अरे, औषधात बुडवलेस ना पाय!"

"दिसत नाही रे ती. दिसली असती तर माझी बाग गेली असती का? तू घड इथवर आण. मी इथून गाडीवर चढवतो."

संध्याकाळपर्यंत तसंच चाललं. भावजी आणि जाऊबाई आतून घड आणायचे, आम्ही बाहेरून उचलायचो. शेवटी जाऊबाईंनी काट्यांवरून केळ्यांची एक फणी पुढे केली. मी एक केळं खाल्लं. गोड होतं, एवढं कळलं.

ह्यांनी घमेल्यातलं गढूळ पाणी लांब नेऊन ओतलं, नवं औषध कालवलं आणि घमेलं परत बांधावर ठेवलं. तेवढ्यात रस्त्यानं सुतार आला. गाडी भरताना लांबून बघितली असावी.

"थांब," हे म्हणाले. "आधी पाय."

सुतारानं निमूटपणे घमेल्यात पाय बुडवले, आणि तोही आमच्याशेजारी बाहेरच उभा राहिला.