मामाचा दुसरा नंबर

लाखनीत हायवेला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे आणि मी पदवीधर आहे. पहिल्या गोष्टीवर लोक लगेच विश्वास ठेवतात. दुसरी सांगितली की ट्रकवालेसुद्धा हसतात. हसोत बापडे, मला मात्र अजूनही राग येतो.

झालं असं की आमच्या गावच्या कॉलेजात विद्यापीठाने नवीन पदवी आणली, तलाव विज्ञान. तलावांचा जिल्हा, तेव्हा तलावांची पदवी हवीच, असं भाषण झालं. पहिल्या वर्षी वर्ग भरला. मग या पदवीवर नोकरी कोणती, हे कोणालाच सांगता येईना, तशी पोरं एकेक करून पांगली. शेवटच्या वर्षाला उरली एकटी माझी भाची खुशबू.

पोरगी जिद्दीची. सुवर्णपदक मिळालं की एम.एस्सी.ला थेट प्रवेश आणि वसतिगृह फुकट, हे तिने मनात पक्कं धरलेलं. पण प्राचार्यांनी तिला बोलावून नियम वाचून दाखवला: वर्गात किमान दोघं पास झाल्याशिवाय पदक देता येत नाही. एकट्या विद्यार्थ्यात पहिला कोण, हे सिद्ध होत नाही म्हणे!

संध्याकाळी खुशबू दुकानात आली. "मामा, तू ॲडमिशन घे."

"म्या? काहून?"

"माह्या मागं दुसरा यायले."

मी बारावी तिसऱ्या झटक्यात पास झालेला माणूस. पण प्राचार्यांनाही वर्ग वाचवायचा होता. त्यांनी अनुभवावर थेट शेवटच्या वर्षाला प्रवेश द्यायचं धोरण शोधून काढलं. मी ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघतो, त्याला त्यांनी "जलपरीक्षणाचा प्रदीर्घ अनुभव" म्हटलं. विद्यापीठाने ते मान्यही केलं. माझी पहिली दोन वर्षं त्या टाकीतच पार पडली.

पहिल्या चाचणीत मला शून्य मिळालं. खुशबू खवळली. "मामा, तुले पहिलं येता येत नाही, अन् नापासही होता येत नाही. मधात राय!"

"पहिल्याची काळजी तू नको करू, पोरी."

मग रोज तिची शिकवणी सुरू झाली. मी टायर खोलायचा आणि तिने बाजूच्या स्टुलावर बसून विचारायचं, पाण्यातला ऑक्सिजन कशाने कमी होतो? उत्तर चुकलं की पाना हिसकावून घ्यायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं. एका ट्रकवाल्याने तर माझ्याऐवजी उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं. तेव्हा वाटलं, यालाच ॲडमिशन द्यायला हवी होती. पण हळूहळू मला समजायला लागलं. खरं सांगतो, आवडायलाही लागलं.

निकाल लागला. खुशबू ब्याण्णव टक्के, मी काठावर पास. वर्गात पहिली भाची, दुसरा मामा. पंचफुलाबाईने, म्हणजे खुशबूच्या आईने, सगळ्या आळीत पेढे वाटले.

आणि त्याच महिन्यात विद्यापीठाने पदकाचं धोरण बदललं! नुसत्या गुणांवर पदक देणं जुनाट झालं. यापुढे ज्याची प्रगती सगळ्यात जास्त, त्याला पदक. खुशबू नव्वदवरून ब्याण्णववर गेलेली. मी शून्यावरून निघालेलो. शून्यावरून किती टक्के प्रगती झाली हे कॉम्प्युटरला विचारलं, तर त्याने उत्तर दिलं, अनंत. सुवर्णपदक मला जाहीर झालं.

माझं डोकंच फिरलं. दुकान बंद करून तडक विद्यापीठात गेलो. म्हटलं, मला पदक नको, भाचीला द्या.

"पदक नको तर पदवी सोडावी लागेल," तिथला बाबू म्हणाला.

"सोडली."

"मग वर्गात एकच पास उरते. एकटीला पदक नाही."

म्हणजे मी राहिलो तर पदक माझं आणि गेलो तर कोणाचंच नाही. ज्या पोरीने मला शिकवलं, तिच्याच वाटेत मी धोंड होऊन बसलो होतो. घरी येऊन तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "पदवी सोडू नको मामा. पास तू खराच झाला. मी प्रवेश परीक्षा देतो."

पदवीदान समारंभात माझं नाव पुकारलं. भाड्याचा काळा झगा अंगात घालून मी वर गेलो. पाहुण्यांनी गळ्यात पदक घातलं, टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो तो सरळ तिसऱ्या रांगेत गेलो आणि पदक काढून खुशबूच्या गळ्यात घातलं. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. तेवढ्यात माईकवरून घोषणा झाली, "पदक हस्तांतरणीय नाही, कृपया नोंद घ्यावी."

खुशबूने ते हातात घेऊन मागून-पुढून पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे. मग तिने ते काढून परत माझ्या गळ्यात घातलं.

"मले माह्यावालं पाहिजे होतं मामा," ती म्हणाली, "तुह्यावालं नाही."